अकरावी भाषा

आमच्या गटाचा नियम एकच होता आणि तो मी घातलेला होता. ज्याच्या भाषेतलं गाणं, त्याचे पाय हलल्याशिवाय ते आमच्या खोलीबाहेर पडायचं नाही. कौतुक चालत नाही, डोळ्यांत पाणी आलेलंही चालत नाही. मान डोलली, बोटांनी ताल धरला, तरी नाही. पाय हलले पाहिजेत.

हा नियम का घातला ते आधी सांगते, म्हणजे पुढचा माझा हट्ट नुसता हट्ट वाटणार नाही.

मी बस आगारात घोषणा करते. एकोणतीस वर्षं झाली. माझा आवाज मुळात बारीक. घरी हाक मारली तर शेजारच्या खोलीत पोचत नाही. पण माईकसमोर बसले की तोच आवाज सगळ्या फलाटांवर जातो. आमच्या आगारात नाना मुलखांचे लोक उतरतात, म्हणून घोषणा पाच भाषांत करावी लागते. बाकीच्या भाषा मी प्रवाशांना विचारून विचारून शिकले. आगारात मला सगळे माईकबाई म्हणतात. माझी पाळी पहाटेची, दुपारी बाराला सुटते. मी ती मुद्दाम मागून घेतली आहे, कारण बारा ते चार माझं मौन असतं. रोज. आजारपणातही मोडलेलं नाही. पूर्वी घरी जाऊन पाळायचे. मग आगारातल्या हरवलेल्या सामानाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली, तशी तिथेच बसू लागले. लोकांच्या विसरलेल्या छत्र्या, डबे, ट्रंका, एकेकटे हातमोजे, आणि त्यांच्या मधोमध माझी जपमाळ.

माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, कानाच्या मशिनी दुरुस्त करायची. बहिऱ्या माणसांच्या कानात बसतात ना, त्या. तिचं काम चारला सुटायचं, मग ती मला न्यायला यायची. येताना बरोबर लॅपटॉप आणि एक सोळा बटणांचा डबा. त्या डब्यात कुठलाही आवाज भरावा आणि बटण दाबून हवा तेव्हा काढावा. एक दिवस तिने माझी निळ्या छत्रीची घोषणा त्यात भरली. 'ज्या प्रवाशाची निळी छत्री राहिली आहे' हे पाच भाषांत एकामागून एक, मध्ये खऱ्या छत्रीचा उघडण्याचा आवाज, खाली ट्रंकेवरचा ठोका. मला हसू आवरेना. नेमका तेव्हा भोंगा आत आला. भोंगा म्हणजे आगारातला मेकॅनिक. गाड्यांचे भोंगे दुरुस्त करतो आणि स्वतः त्यांच्याहून मोठ्याने बोलतो, म्हणून भोंगा.

"माईकबाई, हे तुम्ही आहात?" तो ओरडला. "तुमच्यावर तर नाचता येतं!"

अशी आमची सुरुवात. गटाचं नाव पडलं 'हरवलं-सापडलं'.

पहिलं गाणं कँटीनमध्ये वाजलं, तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टर ताटं हातात घेऊन नाचले. आम्ही फुशारलो. दुसरं गाणं खाणीवर कामाला जाणाऱ्या बायकांच्या भाषेत केलं. त्यांच्यातल्या एकीकडून दोन ओळी घेतल्या, गमतीदार वाटाव्यात म्हणून त्या चेपून, वेगाने, चिरक्या आवाजात फिरवल्या. खोलीत आम्ही तिघं पोट धरून हसलो. मग त्या बाईला बोलावून ऐकवलं. ती उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. "छान आहे," म्हणाली आणि बोचकं उचलून गाडीला गेली. तिच्या पाठीकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं, आम्ही तिच्याबरोबर नव्हे, तिला हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी नियम सांगितला. भाची म्हणाली, "आत्या, हे म्हणजे तुझ्या व्रतांत आणखी एक." म्हटलं, "असू दे." गाणं नव्याने केलं, आणि महिन्याभराने ती बाई फलाट चारवर बोचकं खाली ठेवून नाचली. तिच्याबरोबरच्या सातजणीही.

आठ वर्षांत, ते धरून, आम्ही दहा भाषांतली दहा गाणी केली. फार नाहीत. पण एकेकाचे पाय हलायला वेळ लागतो. खलाशांच्या भाषेतलं गाणं तर दीड वर्ष अडलं, कारण आमचा खलाशी वर्षातून दोनदाच यायचा. आम्ही लग्नांत वाजवलं, कॉलेजांत वाजवलं, चालत्या बोटीच्या डेकवर वाजवलं. एका कारखान्यात वाजवलं तिथे मशिनींच्या आवाजात आम्ही कुणालाच ऐकू आलो नाही, तरी लोक नाचले; भोंगा म्हणतो तो आमचा सर्वांत यशस्वी कार्यक्रम. मुदत उलटून गेलेले बेवारस कोट घालून आम्ही स्टेजवर जातो. मध्येच गाणं थांबवून मी माझ्या घोषणेच्या आवाजात विचारते, "हा डाव्या हाताचा मोजा कुणाचा आहे?" लोकांना वाटतं ही गंमत. पण एकदा एका बाईला तिची खरीखुरी छत्री सापडली आणि तिने ती तिथेच, छपराखाली, उघडून धरली. रेडिओवर आमचं गाणं लागलं तेव्हा मला आगारातून सुट्टी मिळाली नाही. मी दुसऱ्या फलाटाची घोषणा करत होते.

मग लगेचसाहेब आले. मोठ्या मैदानावर तीन दिवस गाण्यांचे कार्यक्रम भरवणारे गृहस्थ. प्रत्येक गोष्टीला 'लगेच' म्हणतात. तीस हजार माणसं, संध्याकाळी पाचची वेळ. माझ्या मौनाचं त्यांना आधीच कळलं होतं, म्हणून पाच. भाची त्यांच्याशी बोलली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, अकरावं गाणंही जवळपास तयार आहे. लगेचसाहेबांनी लगेच पोस्टर छापलं. 'हरवलं-सापडलं. अकरा भाषा.' अकरावं गाणं पंधरा तारखेपर्यंत त्यांच्या हातात पडलं पाहिजे, नाहीतर ती वेळ दुसऱ्या गटाला.

पोस्टर बघून भाचीने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मला नंतर सांगितलं.

"अगं, विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर थांब म्हणाली असतीस. आठ वर्षं थांबतेच आहे ना मी. दिवसभर कानाची मशीन, संध्याकाळी हा डबा. आत्या, मला आता एकच काम करायचंय. हे."

तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. मैदानावरची ती वेळ मिळाली तर पुढच्या दोन वर्षांचे कार्यक्रम ठरणार होते. गेली तर तिने परत जाऊन जुन्या साहेबांपुढे उभं राहायचं. सगळं त्या अकराव्या गाण्यावर येऊन अडलं होतं.

आणि अकरावं गाणं गादीकाकांवर.

गादीकाका आगाराच्या वर्कशॉपमध्ये बसच्या सीटा शिवतात. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आतला काथ्या बदलायचा, वाकडी सुई घेऊन पुन्हा शिवायचं. तीस वर्षं ते आमच्याशी आमच्याच भाषेत बोलत आले. त्यांची स्वतःची निराळी भाषा आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. एकदा मी खुर्चीची गादी घेऊन गेले, तेव्हा ते एका सीटवर टकटक करून काहीतरी पुटपुटले. ऐकलेल्या भाषांपैकी ती एकही नव्हती.

"काय म्हणालात?"

ते लाजले. "काही नाही हो बाई. 'कोण आहे?' म्हणालो. सीट भरली की ठोकून बघतो, आत पोकळी राहिली का. तेव्हा तोंडातून जातं."

त्यांच्या भाषेतला तो प्रश्न ऐकायला फार गोड होता. तीन टकटकी आणि मग चार अक्षरं. भाचीने तो भरून घेतला. त्यावर ठोका बांधला, भोंग्याने दोन भोंगे एका सुरात आणले, मी माझी घोषणेआधीची टिंग-टाँग घातली. गाणं असं झालं की ऐकणाऱ्याला जागेवर बसवेना. कँटीनचा पोऱ्या नाचला, आगारप्रमुख नाचले. गादीकाकांना खोलीत बोलावलं. ते ट्रंकेवर बसून ऐकत राहिले, हात गुडघ्यांवर, पाय जोडलेले.

"फार छान," म्हणाले. "मोठं काम केलंत."

पाय हलले नव्हते. भाचीने वेग वाढवून पाहिला. पुन्हा बोलावलं. "हेही छान." वेग कमी केला. तिसऱ्यांदा बोलावलं. "बाई, माझ्यामुळे तुमचा खोळंबा होतोय का?" त्यांनी विचारलं. एवढा भला माणूस. त्यांना खोटंखोटं नाचायलाही आलं असतं, पण नियमाचं आम्ही कुणाला सांगत नाही. सांगितलं की पाय लबाडी करतात.

त्या दिवशी, ते गेल्यावर, भाचीचा तोल गेला. सकाळचे पावणेबारा झाले होते; मी पाळी संपायच्या अर्धा तास आधी खोलीत आले होते.

"काही माणसं नाचतच नाहीत, आत्या! स्वभाव असतो. माझे बाबा नाचतात का?"

"तुझे बाबा बसल्या बसल्या टाच आपटतात. मी लहानपणापासून बघतेय."

"सहा दिवस राहिलेत. सहा! सगळं आगार नाचतंय, एक म्हातारा सोडून."

"भाषा त्या एकाचीच आहे गं."

"मग नियम एकदा बाजूला ठेव. एकदाच. कुणाला कळणारे?"

"मला कळेल."

भोंगा मध्ये पडला. "माईकबाई, मी काय म्हणतो, पाय म्हणजे अंगठा धरला तर? अंगठा हलला असेल बुटात."

"ते चपला घालतात. मी बघत होते."

भाचीचे डोळे भरले. "तुझा देव तरी एवढा कडक आहे का गं? त्याला फूल वाहिलं, चालतं. पान वाहिलं, चालतं. काहीच नसलं तरी हात जोडले की चालतं. आणि तुला?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात आगाराच्या घड्याळाने बाराचे ठोके दिले. मी तोंड मिटलं.

"हे बरंय तुझं!" भाची किंचाळली. "भांडण रंगात आलं की हिचे बारा वाजतात!"

भोंगा हसला. ती डबा उचलून निघून गेली. पोटच्या पोरीसारखी पोर, आणि तिला जाताना थांबवायला माझ्याकडे शब्द नव्हता. ते चार तास मला फार जड गेले. माळ ओढत होते, पण मणी मोजले जात नव्हते. मन एकाच गोष्टीवर येऊन बसत होतं: गादीकाकांना गाणं आवडलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. मग त्यांचे पाय का गप्प होते?

दुसऱ्या दिवशी बाराला मी हरवलेल्या सामानाच्या खोलीत गेले नाही. माळ घेऊन वर्कशॉपमध्ये गेले आणि गादीकाकांजवळच्या बुटक्या स्टुलावर बसले. त्यांना माझं मौन ठाऊक होतं. "बसा बाई," म्हणाले, आणि काम करू लागले. मी विचारू शकत नव्हते, आणि आज वाटतं ते बरंच झालं. विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा 'छान आहे' म्हटलं असतं.

पहिला दिवस नुसता काथ्या, धूळ आणि शिंका यांत गेला. दुसऱ्या दिवशी ते एकटेच बोलू लागले. न बोलणाऱ्या माणसासमोर माणूस मोकळा होतो. कुठल्या गाडीच्या कुठल्या सीटवर लोक काय काय कोरतात, खिडकीकडची सीट लवकर का खचते. मध्ये मध्ये एखादी सीट भरून झाली की टकटकटक आणि तो प्रश्न. कोण आहे?

तिसऱ्या दिवशी माझ्या बोटांनी मला सांगितलं. प्रश्न विचारल्यावर गादीकाका जरा थांबायचे. मान तिरकी, सुई हवेत. मग पुढचं काम. ते थांबणं दर वेळी तेवढंच होतं: माझ्या माळेचे दोन मणी. अकरा सीटा झाल्या, अकराही वेळा दोन मणी. पोकळी तपासायला एवढा वेळ लागत नाही. ते तर ठोकतानाच कळतं.

ते कशाची तरी वाट बघत होते.

आणि आमच्या गाण्यात त्याच जागी काय होतं? टिंग-टाँग. माझी टिंग-टाँग. ती भाचीने घातली नव्हती, भोंग्याने घातली नव्हती. मी घातली होती. घोषणेत रिकामी जागा राहिली की प्रवाशांना वाटतं माईक बिघडला; म्हणून एकोणतीस वर्षं दोन शब्दांमधली प्रत्येक पोकळी मी घंटेने बुजवत आले. गाण्यातही तेच केलं. रोज चार तास मौन पाळणारी बाई मी, आणि दुसऱ्याचं दोन मण्यांचं मौन मला ओळखू आलं नाही. स्टुलावर बसल्या बसल्या माझे कान तापले.

चार वाजले. मी पहिला शब्द उच्चारला तो हाच. "काका, 'कोण आहे' विचारल्यावर पुढे काय असतं?"

त्यांची सुई थांबली.

"पुढचं माझं नाही बाई. ते धाकटीचं."

मग कळलं. लहानपणी गादीकाका आणि त्यांची धाकटी बहीण एक खेळ खेळायचे. ती दाराआड लपायची. हे दार ठोकून विचारायचे, 'कोण आहे?' ती जरा थांबायची, हसू दाबायला, आणि आतून ओरडायची, 'कुणी नाही!' एवढाच खेळ. तासन्‌तास. मोठे झाल्यावरही ते फोनवर असंच बोलायचे. नमस्कार नाही, खुशाली नाही, आधी हे.

"आता?"

"सहा वर्षांपूर्वी तिचे कान गेले. दोन तासांवर राहते, मुलाकडे. मी जातो. चहा पितो. ती मान हलवते. ऐकूच येत नाही तर बोलायचं कुणाशी? ही भाषा बोलणारं दुसरं माहितीत कुणी नाही."

"म्हणून सीटशी बोलता?"

"सीट ऐकून घेते," ते म्हणाले आणि दोरा दातांनी तोडला.

मी थेट भावाच्या घरी गेले. भाची खोलीचं दार लावून बसली होती. दाराबाहेरूनच सांगितलं, "चूक माझी होती. घंटा मी वाजवली. तिथे जागा होती, ती मी खाल्ली." मग दार उघडलं.

"कुठली जागा?"

सगळं सांगितलं. तिने डबा पुढे ओढला, घंटा काढली आणि तुकडा वाजवला. टकटकटक, कोण आहे, आणि मग ठोक्याखाली एक खड्डा. आम्ही दोघी तो खड्डा ऐकत राहिलो.

"हे अर्धंच गाणं आहे, आत्या."

"तेच म्हणतेय."

"बहिणीला ऐकू येत नाही म्हणालीस?"

"हो."

ती उठून कपाटातून तिची जुनी हत्यारांची पेटी काढायला लागली. "सकाळी तिकडची पहिली गाडी कितीला? तुला नाही तर कुणाला माहीत असणार!"

गादीकाकांना आम्ही काही सांगितलं नाही; धाकटीचा पत्ता मी बोलता बोलता काढून घेतला होता. मी रजा टाकली, भोंग्याने एका गाडीचं इंजिन अर्धं उघडं सोडलं, आणि एक मोठी ट्रंक, तिच्यात स्पीकर, असं घेऊन आम्ही दहाला धाकटीच्या दारात उभे. धाकटी म्हणजे पासष्टीची बाई, ताठ बसलेली, डोळे फार तल्लख. तिच्या सुनेने आम्ही कोण ते कागदावर लिहून दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "म्हाताऱ्याने पाठवलं? स्वतः का नाही आला?" आमच्याच भाषेत म्हणाली, पण इतक्या मोठ्याने की भोंगासुद्धा दचकला.

कानाची मशीन खणात पडून होती. "कानात मुंग्या येतात," म्हणून काढून ठेवलेली. भाचीने ती उघडली, नळी साफ केली, गंजलेली पट्टी खरवडली, तासभर मान वर केली नाही. मशीन कानात बसवली. धाकटीने तोंड वाकडं केलं. "गाडी सुरू झाल्यासारखं वाटतंय. शब्द नाही कळत."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. बाराला पाच कमी.

"ट्रंक," मी म्हटलं. "ठोका हाताला लागतो ना? कँटीनमध्ये टेबलं थरथरायची. तिचे हात ट्रंकेवर ठेव. घंटा नको, भोंगे नकोत. नुसती टकटक आणि तो प्रश्न." बारा वाजायच्या आत जेवढं बोलता आलं तेवढं बोलले. मग गप्प.

भोंग्याने ट्रंक तिच्यासमोर ठेवली, आवाज वाढवला. धाकटीने दोन्ही तळवे झाकणावर टेकले. टकटकटक. चार अक्षरं. खड्डा. ती ट्रंकेकडे बघत राहिली. पुन्हा. टकटकटक. खड्डा. भोंगा पुटपुटला, "जमत नाही." भाचीने हाताने त्याला गप्प केलं. चौथ्या वेळी धाकटीची मान तिरकी झाली, अगदी गादीकाकांसारखी. पाचव्या वेळी मी माळ धरली. एक मणी. दुसरा मणी.

"कुणी नाही!"

त्यांच्या भाषेत, आणि पासष्ट वर्षांच्या आवाजात नव्हे. दाराआडून आल्यासारखा, हसू दाबलेला. भाचीने आधीच माईक लावला होता. तो आवाज डब्यात गेला. धाकटी ट्रंकेवर वाकून हसत होती, हसता हसता तिने सुनेला विचारलं, "तो म्हातारा अजून सीटाच शिवतो का?"

पंधरा तारीख उजाडली. भाची दोन दिवस झोपली नव्हती. लगेचसाहेब दोन वाजता गाणं न्यायला येणार होते. साडेबाराला आम्ही तिघं वर्कशॉपमध्ये शिरलो. गादीकाका एका तिघांच्या सीटच्या पाठीला शेवटचा टाका घालत होते. सीट लोखंडी पायांवर उभी करून ठेवलेली, उंच पाठीची, लांब पल्ल्याच्या गाडीची. मी बुटक्या स्टुलावर बसले. माझं मौन सुरू होतं.

"काका, एकदाच ऐका," भाची म्हणाली. "शेवटचं."

"ऐकतो की. छानच असेल," ते म्हणाले आणि हात पुसले.

ट्रंकेचा ठोका सुरू झाला. त्यावर छत्री, त्यावर भोंगे. मग सगळं थांबलं. टकटकटक. त्यांचाच आवाज: कोण आहे? दोन मणी काहीच नाही. भाचीने ती जागा राखली होती, केसभरही न भरता.

"कुणी नाही!"

गादीकाकांच्या हातातली सुई पडली. ठोका पुन्हा उसळला. ते उठले, इकडे तिकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग दुसऱ्यांदा तो प्रश्न आला आणि दुसऱ्यांदा उत्तर, आणि हा अडुसष्ट वर्षांचा माणूस तोंडावर हात दाबून त्या उंच सीटच्या मागे जाऊन लपला.

भोंग्याने टाळी पिटली. भाची रडत, हसत माझ्याकडे वळली. "आत्या! झालं ना? हो म्हण ना! मान तरी हलव!"

मी मान हलवली नाही. लपणं म्हणजे नाच नव्हे. टाळी नाही, डोळ्यांत पाणी नाही, पळणं नाही. हाताची घडी घालून बसून राहिले. दोन वाजले की काय होणार ते मला दिसत होतं. पण खाणीवरच्या त्या बाईची पाठही दिसत होती.

"आता आणखी काय पाहिजे हिला?" भाची कळवळून म्हणाली. "भोंगादादा, हिला सांग काहीतरी!"

ते दोघं उभे होते. त्यांना सीटची पाठ दिसत होती आणि तिच्यावर थरथरणारे चार पांढरे केस. मी खाली बसले होते. मला सीटच्या लोखंडी पायांमधून पलीकडचं दिसत होतं.

मी बोट दाखवलं.

भाची गुडघ्यांवर बसली. भोंगा तर काथ्यात आडवाच झाला. सीटखालच्या उजेडात झिजलेल्या टाचांच्या दोन चपला होत्या, आणि त्या नाचत होत्या. उजवी, डावी, दोन उजव्या, एक उडी. लहान मुलं दार उघडायची वाट बघताना नाचतात तशा.

भाचीने तिथूनच फोन लावला. "साहेब, अकरावं तयार आहे. या." पलीकडून काय आलं ते वर्कशॉपभर ऐकू आलं. "लगेच!"

गाणं संपलं. चपला थांबल्या नाहीत. सीटमागून टकटक झाली, आणि आता डब्यातून नव्हे, खऱ्या गळ्यातून प्रश्न आला. कोण आहे?

मला बोलता येत नव्हतं. मी माळेचा एक मणी ओढला, मग दुसरा, आणि भाचीकडे बघून मान हलवली. तिने आणि भोंग्याने मिळून, त्यांच्याच भाषेत, ओरडून सांगितलं, कुणी नाही.